निळ्या पेन्सिलची वाट

साक्षीला पाठ करायचं असलं की ती या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या घालते. हातात पिवळ्या खुणा केलेल्या कागदांचा गठ्ठा असतो, आणि घरातल्या सगळ्यांना तिच्याबरोबर पंचायत राज, खनिजं, घटनेची कलमं असं सक्तीने ऐकावं लागतं. द्रौपदाबाई गॅलरीत उन्हाला बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. खाली जळगावची सकाळ सुरू झाली होती, भरताच्या वांग्यांची हातगाडी ओरडत चालली होती, आणि त्यांचा अर्धा कान नातीकडे होता. छत्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाचा कान तसा असतोच. कोणी सनावळी चुकली की हातातलं काम थांबतं. पण साक्षी चुकली नव्हती. ती अगदी बरोबर वाचत होती. "आग्नेय आशियात इस्लामचा प्रसार मुख्यत्वे सागरी व्यापारी मार्गांनी झाला. अरब, इराणी आणि गुजराती व्यापारी आपल्या मालासोबत..." द्रौपदाबाईंचं नख शेंगेच्या शिरेत अडकलं आणि निसटून बोटाच्या मांसात गेलं. रक्ताचा एक थेंब आला. त्यांनी तो तोंडात घातला. लोखंडासारखी चव, आणि त्या चवीबरोबर खडूच्या धुळीचा वास, ओल्या दुपट्ट्याचा वास, आठवी ब च्या वर्गातल्या तिसऱ्या बाकाचा वास. तिथे आता, या मिनिटालासुद्धा, तेरा वर्षांची एक मुलगी निळी पेन्सिल हातात धरून बसलेली होती.

जैबुन मणियार. बापाचं बांगड्यांचं दुकान होतं, नुसती फळी टाकलेलं, बाजारपेठेच्या तोंडाशी. मराठी शाळेत घातलेली, कारण ती घरापासून जवळ. फार हुशार नव्हती, फार मठ्ठही नव्हती. एकच खोड होती, वर्ग हसला की ही एक क्षण उशिरा हसायची. सगळ्यांचं हसणं संपत आलेलं असायचं आणि मग तिसऱ्या बाकावरून तिचं एकटीचं हसू यायचं, शेवटची बैलगाडी गावात शिरावी तसं. साल अठ्ठ्याहत्तर. दिवाळीची सुट्टी लागायचा दिवस. द्रौपदाबाईंनी फळ्याशेजारी कापडी नकाशा टांगला होता आणि लाल खडूने बाण काढून दाखवले होते, अरबस्तानातून इराण, इराणातून खैबरखिंड, खिंडीतून खाली. असंच शिकवायचं असायचं. त्यांच्या बाईंनी त्यांना तसंच शिकवलं होतं, पुस्तकात तसंच होतं, आणि बत्तीस वर्षांच्या द्रौपदाबाईंना आपल्या लाल बाणांचा थोडा अभिमानही होता. ते अगदी सरळ यायचे. मग त्या बाकांमधून फिरू लागल्या. मुलींच्या वह्यांत लाल बाणच लाल बाण. आणि जैबुनच्या वहीत निळी रेघ. अरबस्तानच्या किनाऱ्यावरून निघालेली, समुद्रातून, सुरतेला टेकून, मलबारला टेकून, लंकेला वळसा घालून पार सुमात्रा आणि जावापर्यंत गेलेली. वाटेत नखाएवढी गलबतं, आणि एकेका गलबतावर कापडाचे तागे. ताग्यांवर इवल्या अक्षरांत, जळगावजवळच्या मागांच्या गावाचं नाव लिहिलं होतं, धरणगाव.

"हे काय?"

"वाट, बाई. आमचे लोक दर्यातून आले. बांगड्या-मणी घेऊन. आणि इथलं कापड सुरतेवरून जावाला जायचं, त्या जहाजांतून..."

"पुस्तकात आहे का हे?"

"दादीने सांगितलं."

"परीक्षेला दादी बसणार आहे?"

एवढ्यावर थांबायला हवं होतं. एवढं कुठलीही बाई म्हणते. पण वर्ग हसला होता, आणि वर्ग हसला की शिक्षकाच्या जिभेला एक चाळा लागतो. द्रौपदाबाईंनी वही उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाल्या, "म्हणजे धर्म काय मासोळीसारखा पोहत येतो?" मग मात्र वर्ग फुटलाच. त्यांनी लाल पेनने निळ्या रेघेवर आडवं लिहिलं, 'चूक', खाली दोन रेघा ओढल्या, आणि सुट्टीत तपासायला म्हणून सगळ्या वह्या गोळा केल्या. जैबुन हसली. नेहमीप्रमाणे एक क्षण उशिरा. तो क्षण द्रौपदाबाईंनी पुढे सेहेचाळीस वर्षं पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. त्या क्षणात त्या मुलीच्या मनात काहीतरी मोडलं आणि मग ते झाकायला ती हसली, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

कारण दिवाळीनंतर ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी शिपाई तोताराम हजेरीपट घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "बाई, ती मणियारनी पोर नही येवाव आते. नाव काढं तिनं. बठ्ठं घर उठी गये त्यासनं, धुयाले." मुलीचं नाव काढून सगळं घर धुळ्याला गेलं होतं. का, कधी, कोणी अर्ज दिला, यातलं काहीच द्रौपदाबाईंनी विचारलं नाही. ऑफिस वीस पावलांवर होतं. त्यांनी हजेरीपटावर त्या नावापुढे तांबडी रेघ ओढली आणि शिकवायला उभ्या राहिल्या. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर काय येईल याची त्यांना मनातून खात्री होती. शिवाय तोवर त्यांना कळलेलं होतं. सुट्टीत, भाऊबीजेनंतर, वाचनालयात त्या दुसऱ्याच कामासाठी गेल्या होत्या आणि कोणीतरी टेबलावर सोडून गेलेलं जाड पुस्तक त्यांच्या हाताशी आलं. त्यात समुद्र होता. अरबी वाऱ्यांची पानंच्या पानं. वारा फिरेपर्यंत व्यापारी बंदरात महिनोन्‌महिने अडकून पडायचे, तिथेच लग्नं करायचे, तिथेच नमाजाला चार भिंती उभ्या करायचे; तिथल्या राजांना त्यांची वजनं-मापं सरळ वाटायची, मग माणसं सरळ वाटायची, मग त्यांचा देवही. सुमात्राच्या किनाऱ्यावर सुलतानांच्या कबरी आहेत, आणि त्यांवरचा कोरीव संगमरवर आहे खंबायतचा, गुजरातेतून गलबतात घालून नेलेला. द्रौपदाबाई ते वाचत असताना वाचनालयाचा पंखा कुरकुरत होता आणि त्यांच्या कानशिलांतून घाम येत होता. खिंडीतून आलेले बाण होतेच, ते काही खोटे नव्हते. पण निळी रेघही होती. आठवी ब मधल्या मुलीने ती दादीच्या तोंडून ऐकून पुस्तकाच्या आधी काढली होती. शाळा उघडली की पहिल्या तासाला वर्गात सांगायचं, मी चुकले, असं त्यांनी ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. शाळा उघडली तेव्हा तिसरा बाक एका बाजूने रिकामा होता.

ते वाक्य मग तसंच राहिलं. पण नकाशा बदलला. पुढच्या वर्षापासून द्रौपदाबाई लाल खडूचं काम झालं की निळा खडू घ्यायच्या आणि समुद्रातून रेघ ओढायच्या, सुरत, मलबार, लंका, सुमात्रा. वीस मिनिटं जास्तीची. मुलींना तो तास आवडायचा, कारण त्यात वारे होते, मसाले होते, धरणगावचं नाव होतं. एकदा तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसून ऐकत राहिले आणि नंतर म्हणाले, "हे तुम्ही कुठून काढलंत, बाई? फार वेगळं आहे." द्रौपदाबाई म्हणाल्या, "वाचनातून." खोटं नव्हतं. पण तोंडातून ते निघालं तेव्हा त्यांना जिभेवर काहीतरी कडवट लागलं होतं. पुढे जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला, शाल मिळाली, भाषणात कोणीतरी निळ्या रेघेचा उल्लेख केला. शाल त्यांनी कधी अंगावर घेतली नाही; मुलगा रविंद्र लहानपणी विचारायचा, आई, ती ऊबदार नाही का? मुलीची शाळाही घेतली आणि तिची वाटही घेतली, असं कधीतरी पोळ्या लाटताना एकदम मनात यायचं, आणि लाटणं तसंच थांबायचं. बाकी आयुष्य चांगलं गेलं. तेच विचित्र होतं. एवढं चांगलं गेलेल्या आयुष्यात तो एकच बारीक खडा, आणि दर वेळी नेमका दाताखाली.

अकरा वर्षांपूर्वी लताबाई भेटल्या, जुन्या सहकारी, गणिताच्या. त्या सहज म्हणाल्या, "तुमची ती जैबुन आठवते का हो? धुळ्यात दुकान आहे तिचं, पाचव्या गल्लीत. माझ्या भाचीच्या लग्नाचा चुडा तिनेच भरला." तुमची ती जैबुन. द्रौपदाबाई म्हणाल्या, "हो का?" आणि भाव पडलेल्या कापसाबद्दल बोलू लागल्या. त्यानंतर धुळ्याला त्या चार वेळा गेल्या होत्या, दोन लग्नं, एक बारसं, एक ऑपरेशन. प्रत्येक वेळी चौथ्या गल्लीतून गेल्या किंवा सहाव्या. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत याचं त्यांना फार बरं वाटायचं. चुकवायची गल्ली नेमकी चुकवता यायची.

आणि आता त्याच धुळ्याला साक्षीचं परीक्षा केंद्र आलं होतं, येत्या रविवारी.

"मी येते तुझ्याबरोबर," बोट तोंडातून काढून त्या म्हणाल्या.

साक्षी थांबली. स्वयंपाकघरातून सून दिपमाला बाहेर आली. "आई, अहो परीक्षा तिची आहे."

"मला माहीत आहे कोणाची आहे ते."

"अठ्ठ्याहत्तर वय आहे तुमचं. गुडघे बघा तुमचे. एसटीत शंभर किलोमीटर!"

"बसायचंच तर आहे. गुडघ्यांना कुठे बस चालवायची आहे?"

साक्षी हसली. "येऊ दे ना, मम्मी. आजी बाहेर बसून माझ्यासाठी जप करेल."

दुपारी सगळे झोपल्यावर द्रौपदाबाईंनी कपाटातल्या खालच्या कप्प्यातून, न वापरलेल्या शालीच्या घडीतून, ती वही काढली. पाठीला खाकी कागद, त्यावर नाव. पानं पिवळी पडून बिस्किटासारखी झाली होती. पण निळी पेन्सिल उडाली नव्हती. लाल पेन मात्र थोडं तपकिरी झालं होतं.

एरंडोलपर्यंत साक्षी कागद चाळत होती, मग तिने डोळे मिटले. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, वेचून झालेली, काळपट पऱ्हाट्यांना चुकारपणे अडकलेले पांढरे पुंजके. समोरून कापसाचे ट्रक यायचे, ताडपत्री फुगलेली, रस्ताभर कापूस सांडत. हाच कापूस, द्रौपदाबाईंना वाटलं, हीच काळी माती. मग सूत, मग धरणगावचे माग, मग बैलांच्या पाठी, मग सुरत. वाटेतल्या सगळ्या नद्या त्यांनी मनात म्हटल्या, गिरणा, बोरी, पुढे पांझरा. सगळ्या तापीला मिळतात आणि तापी सुरतेला जाऊन समुद्रात पडते. वर्षानुवर्षं मुलींकडून घोकून घेतलं होतं हे. तरी त्या बत्तीस वर्षांच्या बाईला, जामनेर तालुक्यातल्या पहूरच्या शेतकऱ्याच्या मुलीला, समुद्र खरा वाटला नव्हता. त्यांचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली वाघूर. नकाशावरचा निळा भाग ही त्यांच्या लेखी उरलेली जागा होती, जमीन संपल्यावर रंगवायची. त्यातून माणसं येतात, लग्नं करतात, देव घेऊन येतात हे त्यांच्या डोक्यात शिरणार कुठून? समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला एकेचाळिसाव्या वर्षी, सुरतेजवळ, शाळेच्या सहलीत. मुली किंचाळत पाण्यात धावल्या आणि या वाळूत उभ्या राहिल्या. पायाखालची वाळू लाट ओढून नेत होती. एवढी मोठी वाट, उघडी, कोणाच्या मालकीची नसलेली. तेव्हा त्या रडल्या होत्या आणि मुलींना सांगितलं होतं, डोळ्यांत वारा गेला.

पारोळ्याला बस थांबली. त्यांनी पिशवीतली वही चाचपली. काय म्हणेल ती? म्हणेल, कोण तुम्ही? ते एक बरं. किंवा म्हणेल, बाई, त्या दिवसानंतर मी वही उघडली नाही. ते ऐकायचं होतं. तेच ऐकायला चाललो आहोत. ऐकल्यावर काय करायचं, याचं मात्र काही वाक्य तयार नव्हतं.

केंद्राच्या फाटकाशी साक्षी पाया पडली. "आजी, त्या झाडाखालच्या बाकावर बस. बारा वाजता मी इथेच."

"हो." साक्षी आत जाऊन दिसेनाशी झाली तशा त्या बाकावरून उठल्या आणि रिक्षाला हात केला.

"कोठे जानं शे, माय?" रिक्षावाला म्हातारा होता, त्यांच्याहून फार लहान नसेल.

"पाच नंबर गल्ली. मणियारांचं दुकान."

"गल्लीम्हा रिक्षा नही जावाव, गर्दी शे. कोपराले सोडस." मग आरशातून बघत म्हणाला, "नातनं लगीन शे का?"

"नाही," द्रौपदाबाई म्हणाल्या. "माझाच पेपर आहे."

त्याला ते कळलं नाही, पण तो हसला.

दुकान पाहिल्यावर त्यांना क्षणभर फसवल्यासारखं वाटलं. फळी नव्हती, चांगलं काचेचं दुकान होतं, भिंतभर बांगड्यांच्या नळकांड्या, उन्हाचा एक तुकडा आत शिरून हिरव्या, लाल, मोरपंखी रंगांचा होऊन पडलेला. गादीवर एक जाडशी, पांढऱ्या केसांची बाई, डोक्यावरून ओढणी, डोळ्यांना चष्मा. एका नवऱ्या मुलीचा चुडा भरून होत होता. मुलीची आई भाव करत होती, दुसरी कोणी पाणी पीत होती. द्रौपदाबाई पायऱ्या चढल्या आणि कडेच्या स्टुलावर बसल्या. पिशवी मांडीवर घट्ट. त्या तेरा वर्षांच्या मुलीला या चेहऱ्यात शोधत होत्या आणि ती सापडत नव्हती. त्यांना वाटलं, उठावं, अजून उठता येईल, चौथ्या गल्लीतून निघून जाता येईल. नवरी गेली.

"या, पुढे या. कोणासाठी बघायच्या?"

"माझ्यासाठी."

"द्या हात."

मणियारणीचं माप घेणं म्हणजे पट्टी नसते. ती हातच घेते. चार बोटं जुळवते, अंगठा आत दाबते, आणि हाडांच्या गाठी कणकेसारख्या मळत राहते, हात आपला हट्ट सोडेपर्यंत. द्रौपदाबाईंच्या हाताला असं कोणी कित्येक वर्षांत धरलं नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी काचेची बांगडी घातली ती लग्नात आणि सणावारी. शाळेत जाताना काढून ठेवायच्या, फळ्यावर लिहिताना किणकिण होते, मुलींचं लक्ष जातं म्हणून. नंतर सवयच मोडली. ती बाई खाली मान घालून हाडं दाबत होती, साबणाचा फेस लावत होती, आणि मान वर न करताच म्हणाली, "हात सैल सोडा, बाई. वर्गातसुद्धा मूठ वळूनच उभ्या राहायच्या तुम्ही."

कुठल्याशा दुकानात रेडिओ लागला होता. द्रौपदाबाईंना तो एकदम फार मोठा ऐकू येऊ लागला.

"ओळखलंस तू?"

"पायऱ्या चढल्या तेव्हाच. म्हटलं, बसू द्या, दम घेऊ द्या."

"जैबुन, मला तुला काही सांगायचं आहे. त्या दिवशी मी..."

"थांबा. बोललात की हात आखडतो. काच फुटेल, तुम्हालाच लागेल. आधी हे होऊ द्या."

मग त्या गप्प बसल्या. एकेक हिरवी बांगडी गाठीपाशी येऊन अडायची, तिचा अंगठा कुठेतरी नेमका दाबायचा, आणि बांगडी घसरून मनगटावर जायची. सहा या हातात, सहा त्या हातात. एवढा वेळ कोणाचं ऐकून गप्प बसायची त्यांना सवय नव्हती. शेवटची बांगडी बसली तेव्हा जैबुनने दोन्ही हात फडक्याने पुसले, स्वतःच्या कपाळाला लावले आणि म्हणाली, "बोला आता."

सेहेचाळीस वर्षं तयार असलेलं वाक्य आलं ते मोडून तोडून. "तुझा नकाशा बरोबर होता. माझं चुकलं. सगळ्यांसमोर तुला हसले मी. आणि नंतर पंचवीस वर्षं तीच रेघ शिकवली, शाबासकी घेतली, तुझं नाव कधी घेतलं नाही. आणि तू... माझ्यामुळे शाळा सोडलीस."

जैबुन त्यांच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काहीच नाही. आणि मग, एक क्षण उशिरा, हसली. तेच हसू. शेवटच्या बैलगाडीसारखं. द्रौपदाबाईंच्या लक्षात आलं. म्हणजे तो क्षण मोडण्याचा नव्हताच. ती हसतेच अशी. आजही, साठीला आलेली, दुकानाची मालकीण, काही झाकायचं नसलेली बाई तशीच उशिरा हसत होती.

"तुमच्यामुळे? या अल्ला! बाई, आमचं दुकान उठणार होतं ते उन्हाळ्यापासून ठरलं होतं. चाचांनी अब्बांना इकडे बोलावून घेतलं. दाखल्याचा अर्ज दिला आम्ही नवरात्रात. तुमची सही आहे त्याच्यावर."

"माझी?"

"शाळेच्या वाचनालयाचं पुस्तक बाकी नाही, म्हणून सही करायच्या ना तुम्ही? मीच घेऊन आले होते. तुम्ही सहामाहीचे पेपर तपासत होत्या. वर बघितलं पण नाही. ठोकली सही."

द्रौपदाबाईंना ते अजिबात आठवेना. सहामाहीचा आठवडा, टेबलावर कागदांची चळत, कोणीही काहीही पुढे करायचं. ऑफिस वीस पावलांवर होतं. अर्जावर तारीख होती, त्यांचीच सही होती, आणि त्या सेहेचाळीस वर्षं तो अर्ज बघायला गेल्या नव्हत्या.

"त्या दिवशी मला माहीतच होतं, शेवटचा तास आहे," जैबुन म्हणाली. "म्हणून तर एवढी जीव लावून गलबतं काढली. म्हटलं, बाईंना काहीतरी चांगलं देऊन जावं."

"आणि मी..."

"हां, राग आला होता की! रडले पण, घरी जाऊन. दादी म्हणाली, तुझ्या बाईला विचार, दर्या पाहिलाय का कधी? मी म्हटलं, दादी, बाई पहूरच्या आहेत, त्यांनी वाघूर पाहिलीय फक्त. तर दादी म्हणाली, मग माफ कर बिचारीला." ती पुन्हा हसली. "धुळ्याला दहावी केली मी, बाई. इतिहासात वर्गात पहिली होते. पोरांना, नातवंडांना, सगळ्यांना मीच शिकवलं तो विषय. एवढं काही माझं अडलं नाही तुमच्यावाचून."

शेवटचं वाक्य जरा टोचलं. टोचलं आणि मग, कुठूनतरी खालून, हसू येऊ लागलं. आपण त्या मुलीच्या आयुष्यात एवढ्या मोठ्या नव्हतोच. दहा मिनिटांचा राग, एका संध्याकाळचं रडणं, दादीने दिलेली माफी. सेहेचाळीस वर्षं द्रौपदाबाई स्वतःला मोठी गुन्हेगार समजत आल्या होत्या, आणि आठवी ब च्या त्या मुलीने त्यांना त्याच संध्याकाळी बिचारी म्हणून सोडून दिलं होतं. बिचारी. त्यांना हा शब्द कोणी लावलेला आवडला नसता. आज तो अंगावर ऊबदार वाटला, त्या न वापरलेल्या शालीपेक्षा कितीतरी.

"मुलींनी पुढे तुमचं नाव काय ठेवलं, मैत्रिणीने कळवलं होतं मला. सांगू?"

"मासोळी."

"माहीत होतं?"

"मी शिक्षिका होते, बहिरी नव्हते."

मग त्यांनी पिशवीतून वही काढली. जैबुनने चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ धरली. बोट निळ्या रेघेवरून चालत गेलं, सुरतेला थांबलं, मलबारला थांबलं. धरणगावचे तागे तिने एकेक करून पाहिले. दादी केव्हाच गेली असणार, अब्बाही. आणि मग बोट पूर्वेला जाऊन अडलं.

"बाई, जावा इथे असतं का?"

"कुठे?"

"हे बघा ना. सुमात्राच्या वर काढलंय मी. जावा तर खाली पाहिजे."

द्रौपदाबाईंनी चष्मा लावला. खरंच की. जावा सुमात्राच्या वर, जवळजवळ सयामच्या आखातात तरंगत होता. एवढी वर्षं ती वही त्यांनी किती वेळा उघडली असेल, पण भूगोलाच्या नजरेने एकदाही पाहिली नव्हती. त्यांना त्यात फक्त तो लाल शब्द दिसायचा.

"म्हणजे चूक होतीच!" जैबुन म्हणाली, आणि दोघी एकदम हसल्या, जैबुनसुद्धा, या वेळी वेळेवर. गल्लीतून जाणारी दोन माणसं वळून बघू लागली.

द्रौपदाबाईंनी पिशवीत हात घातला. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, तरी लाल पेन होतं. "दे इकडे. खोडते ते."

"नका खोडू, बाई. राहू द्या. जावाला लागू आहे ते."

मग त्यांनी 'चूक' या शब्दापासून एक लहानसा बाण काढला, सरळ, पूर्वीसारखा, आणि तो जावाला नेऊन टेकवला. निळ्या रेघेच्या बाजूने, अरबी समुद्रात, मोकळी जागा होती. तिथे लिहिलं, 'बरोबर', आणि खाली सही केली, आजची तारीख घालून. लिहिताना बांगड्या खाली घसरून वाजत होत्या, त्यामुळे अक्षर चांगलं आलं नाही. जैबुनने वहीवर फुंकर घालून शाई वाळवली आणि वही गादीखाली सरकवली, जिथे ती दुकानाच्या किल्ल्या ठेवत असावी.

बांगड्यांचे किती झाले असं द्रौपदाबाईंनी विचारताच ती म्हणाली, "गप्प बसा, बाई," आणि तेही त्यांनी ऐकलं.

बारा वाजता त्या झाडाखालच्या बाकावर होत्या. साक्षी गर्दीतून आली, चेहरा उतरलेला पण ठीक. "इतिहास सोपा होता गं. तो समुद्राचा प्रश्न आलाच." मग तिची नजर हातांकडे गेली. "आजी! हे काय? कुठे गेली होतीस तू?"

"पेपरला."

"कसा गेला?"

द्रौपदाबाईंनी थोडा विचार केला. "सुटले," त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये साक्षी खांद्यावर डोकं टाकून झोपली. रस्ता पारोळ्यापासून खराब होता, पुढे आणखी खराब. प्रत्येक खड्ड्याला बारा बांगड्या किणकिणत होत्या. पुढच्या बाकावरच्या बाईने दोनदा मागे वळून पाहिलं. द्रौपदाबाईंनी मनगट धरून त्या थांबवल्या नाहीत. गिरणेचा पूल आला. उन्हाळ्याआधीचं उरलेलं थोडंसं पाणी खाली चमकत होतं, तापीकडे, सुरतेकडे निघालेलं, आणि द्रौपदाबाई खिडकीच्या काचेला डोकं टेकवून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या.